दादांचा डावा पाय

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर जे मांडले जाई, ते पाहून नवख्या पाहुण्याला हसू आवरत नसे. वहिनींची विळी, त्यांच्या शिवणयंत्राची कात्री, माझा अडकित्ता, दादांचे पाने आणि पक्कड. आणि या सर्वांच्या मधोमध, घासून लखलखीत केलेल्या ताम्हणात, तुटक्या बोल्टांचे तुकडे. गंज पुसलेले, तेलाचा हात फिरवलेले. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. ही रीत त्यांनी स्वतः घालून दिलेली. कोणत्याही पोथीत तिला आधार नाही, आणि आधारावाचून हातात अक्षता न घेणाऱ्या मला ती मान्य करायला काही काळ लागला. मी पूजा सांगत असे आणि दादा प्रत्येक तुकड्यावर झेंडूची पाकळी ठेवून म्हणत, "यांनी जीव दिला म्हणून यंत्र वाचलं."

ते यंत्र गवत कापण्याचे. आमच्या पाठशाळेची एक लहानशी गोशाळा आहे, वाघोलीच्या पलीकडे. पूर्वी तिथे जाणे म्हणजे गावाला जाणे असे. आता चारी बाजूंनी उंच इमारती आल्या आहेत आणि त्यांच्या गॅलऱ्यांतून लोक आमच्या गाईंची छायाचित्रे काढतात. गोशाळेला लागून कुरण आहे. पावसाळ्यात त्यात चाऱ्याच्या गवतापेक्षा गाजरगवत जोमाने वाढते. गाई त्याला तोंड लावत नाहीत, आणि एकदा ते फुलावर आले की पुढच्या वर्षाचे कुरणही गेलेच. म्हणून भाद्रपदात एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा ते छाटावे लागते. कुणा भाविकाने त्यासाठी संस्थेला जुना ट्रॅक्टर आणि त्यामागे जोडायचे कटर दिले. कटर म्हणजे लोखंडाची एक पसरट पेटी. तिच्या पोटात दोन जाड पाती. ट्रॅक्टरच्या पाठीमागे एक दांडा फिरतो, तो या पेटीला जोडला की पाती फिरतात.

निवृत्त झाल्यापासून ते चालवण्याची सेवा दादांनी घेतली होती. सेवा हा शब्द माझा. दादा म्हणत, "काम आहे, काम म्हण."

आमचे वडील लवकर गेले. तेव्हा आम्ही दोघेही पाठशाळेत होतो आणि दादांचा कंठ माझ्याहून कितीतरी चांगला होता. तरी पाठशाळा सोडून कारखान्यात गेले ते दादाच. "घरात एक शास्त्री पुरे. दोन झाले तर जेवायचं काय?" एवढेच त्यांनी मला सांगितले. पुढे सारा जन्म ते यंत्रांत राहिले आणि मी शब्दांत. संध्या त्यांच्याकडून सुटली ती सुटलीच. वहिनींनी एकदा टोकले, तेव्हा त्यांनी उत्तर दिले, "गाईंचं गवत कापतो ना, तीच माझी संध्या." ते थट्टेत बोलले असतील, पण मी थट्टा समजलो नाही. ज्याने आपल्या वाट्याची पोथी मला दिली, त्याला उतारवयात देवाच्या दारी एक जागा मिळाली होती, आणि ती जागा त्या ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या आसनावर होती.

सकाळी आम्ही दोघे स्वारगेटहून बसने निघत असू. मी कुरणातले दगड वेचायचे आणि नंतर वडाखाली पाठ म्हणत बसायचे, असा करार होता. "पंडित, तुमचा शांतिपाठ आटोपला असेल तर त्या कोपऱ्यातला धोंडा उचला," असे ते ओरडत. मला ते एरवी 'अरे-तुरे' करत, पण कुरणात नेहमी 'पंडित' आणि 'अहो'.

एका वर्षी मी विचारले, "दादा, तुम्ही सुरू करता तेव्हा आवाजच होत नाही. परवा शेजारच्या शेतात त्या माणसानं सुरू केलं तेव्हा भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटलं."

दादा खूश झाले. यंत्राविषयी मी आपण होऊन काही विचारावे, असे क्वचितच घडे.

"त्यानं गवतात उभं करून सुरू केलं. तसं करायचं नाही. आधी मोकळ्या जागेत आणायचं. कटर जमिनीपासून वीतभर उचलायचं. जास्त नाही; जास्त उचललं की दांडा वाकडा फिरतो, त्याचे सांधे कुरकुरतात. इंजिनाची रेस अगदी खाली. क्लच तळापर्यंत दाबायचा. मग लिव्हर टाकून दांडा जोडायचा. आणि आता पाय सोडायचा. कसा सोडायचा, पंडित?"

"हळू."

"हळू तर बैलगाडीही जाते. झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढतात ना, तसा." त्यांनी तळहात उताणा धरून तो अलगद मागे घेऊन दाखवला. "पाती आत सैल असतात, दुमडून निजलेली. दांडा सावकाश फिरला की अंग पसरत उघडतात. एकदम हिसका दिलात तर आपटतात, आणि तो हिसका वर गिअरच्या दातांपर्यंत जातो. पाती पूर्ण उघडली, आवाज एकसारखा झाला, की मग रेस वाढवायची. आणि मग गवतात शिरायचं. आधी नाही."

मला आमचे गुरुजी आठवले. पहाटेचे पठण ते नेहमी मंद्र स्वरात सुरू करायला लावत. कंठ उघडण्याआधी कुणी वरचा स्वर धरला, तर त्याला थांबवून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. मी हे दादांना सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे गुरुजींना क्लच कळत होता." आणि पाय सोडला. दांडा फिरू लागला. मी कान देऊन ऐकत होतो. आरंभ कुठे झाला ते मला सांगता आले नसते.

त्याच दिवशी त्यांनी मला तो बोल्ट दाखवला. दांडा आणि गिअरची पेटी जिथे जुळतात तिथे मऊ लोखंडाचा एक बोल्ट असतो. धोंड्याला पाते अडकले किंवा सुरुवातीलाच हिसका बसला, तर आधी तो तुटतो. दांडा मोकळा फिरत राहतो आणि पेटीला धक्का लागत नाही. "हा मोडण्यासाठीच लावलेला असतो," दादा म्हणाले. "सगळ्या यंत्रात शहाणा हाच." त्या वर्षी मी ताम्हणातल्या तुकड्यांवर अक्षता घालताना प्रथमच मनापासून घातल्या.

त्यानंतर दोन-तीन पावसाळे गेले आणि ताम्हण भरू लागले.

पूर्वी वर्षाकाठी एखादा तुकडा असे, तोही धोंड्यामुळे. आता मोकळ्या जागेत, गवतात शिरण्याआधीच, 'टक्' असा आवाज होई आणि दांडा रिकामा फिरू लागे. दादा इंजिन बंद करून खाली उतरत, नवा बोल्ट घालत, पुन्हा वर चढत. पुन्हा 'टक्'. मी वडाखाली पाठ म्हणता म्हणता थांबत असे. दादांनी माझ्याकडे पाहू नये म्हणून मीच मान खाली घालीत असे.

याच सुमारास दादांनी ट्रॅक्टरवर चढताना डाव्या पायातली चप्पल खाली काढून ठेवायला सुरुवात केली. मला ते फार आवडले. गाईंच्या भूमीत अनवाणी पायाने सेवा करावी, असे त्यांना आता वाटू लागले, एवढाच अर्थ मी त्याचा लावला. उजव्या पायात चप्पल का ठेवतात, हा प्रश्न मला पडला नाही. घरी येऊन मी वहिनींना कौतुकाने सांगितलेही, "दादा आता आसनावर अनवाणी बसतात." वहिनी नुसत्या "हो का," म्हणाल्या.

संस्थेचे कार्यवाह सज्जन गृहस्थ आहेत, पण जिभेला अस्सल पेठेची धार. भाद्रपदातले काम संपल्यावर ते कुरणावर आले आणि तुटके बोल्ट पाहून म्हणाले, "दादा, हा गोसेवेचा भाग आहे की नारळासारखे फोडायचे म्हणून आणलेत?"

"मशीन जुनं झालंय," दादा म्हणाले.

"मशीन गेल्या वर्षीही जुनंच होतं." मग त्यांचा स्वर उतरला. "हे पाहा, आपल्याला काही इजा झाली तर मी वहिनींना काय तोंड दाखवू? पुढच्या वर्षी पाहू. असंच चाललं तर माणूस बदलू. आपण वडाखाली बसून देखरेख करा. आपले बंधू बसतातच की."

परतीच्या बसमध्ये दादा खिडकीबाहेर पाहत होते. बस खराडीच्या गर्दीत अडकली होती. तसेच बाहेर पाहत ते म्हणाले, "देखरेख म्हणे. तुझ्यासारखं बसायला मला येत नाही रे." मी म्हणालो, "पुढच्या वर्षी सगळं ठीक होईल." ते आश्वासन कशाच्या आधारावर दिले, ते मला आजही सांगता येणार नाही.

पुढच्या भाद्रपदात सगळे ठीक झाले. एकही 'टक्' ऐकू आला नाही. आरंभी यंत्राला हिसका बसे, पेटी थरथरे, पण दांडा फिरत राही आणि काम पुढे चाले. कार्यवाह आले, कापलेले कुरण पाहून म्हणाले, "वा! मशीन तरुण झालं की." दादा म्हणाले, "तेल बदललं." मी वडाखाली हात जोडले.

खंडेनवमीला पाटावर सर्व मांडले. वहिनींनी ताम्हण घासून ठेवले होते. त्यात काहीच नव्हते. मला एवढा आनंद झाला की संकल्प सोडायचे थांबवून मी म्हणालो, "दादा, यंदा एकाचाही बळी नाही! ताम्हण रिकामं ठेवण्याचा मान पहिल्यांदाच."

दादा ताम्हणाकडे पाहत राहिले. मग वहिनींना म्हणाले, "छान घासलंयस. तोंड दिसतंय." आणि त्या रिकाम्या ताम्हणात त्यांनी झेंडूची एकही पाकळी टाकली नाही.  मी मात्र मंत्र नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटले.

दसऱ्यानंतर दुसऱ्या छाटणीला आम्ही कुरणावर गेलो. ऊन छान पडले होते. दादांनी ट्रॅक्टर मोकळ्या जागेत आणला, कटर वीतभर उचलले, रेस उतरवली, लिव्हर टाकली. सारे पूर्वीसारखेच. मग क्लच एकदम वर आला. मी तो आवाज अजून विसरलो नाही. 'टक्' नव्हता तो. दाढ उपटावी तसा करकर आवाज झाला आणि त्यामागून एक मोठा ठोका. यंत्र थांबले. गिअरच्या पेटीखालून काळे तेल गवतावर उतरू लागले. मी धावत गेलो. दादा आसनावर तसेच बसून होते, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर. मान वाकवून ते आपल्या डाव्या पायाकडे पाहत होते.

वाघोलीतला एक मिस्त्री आला. त्याने पेटी उघडली. गिअरचे दात वरच्या बाजूने झिजून, टवके उडून गेलेले होते आणि पेटीला चीर गेली होती. "हे आजचं न्हाई," तो म्हणाला. "लई दिस मार खातंय." मग त्याने दांड्याच्या जोडातून बोल्ट बाहेर काढला, जमिनीवर ठेवला आणि पुन्हा उचलून पाहिला. त्याला साधा ओरखडाही नव्हता.

"काका, ह्यो कडक बोल्ट हाय. ह्यो कुनी घातला? हितं मऊ घालत्यात."

मी दादांकडे पाहिले. मला वाटले, दुकानदाराने फसवले असेल. गोशाळेतल्या कुणी अजाणतेपणी घातला असेल. दादा म्हणाले, "मीच घातला."

 मिस्त्रीने बोल्ट फडक्याने पुसला आणि दादांच्या हातात दिला.

आम्ही वडाखाली बसलो. दादांनी डावा पाय पुढे पसरला आणि मला म्हणाले, "तळव्याला चिमटा काढ."

"कशाला?"

"काढ तर."

मी काढला. ते माझ्याकडे पाहत होते, पायाकडे नाही. "काढलास?" त्यांनी विचारले.

मधुमेह त्यांना कितीतरी वर्षांचा. तळव्याची जाणीव हळूहळू गेली होती. पेडल पायाखाली आहे की नाही, हे त्यांना वाकून पाहावे लागे. या ट्रॅक्टरचा क्लच दोन टप्प्यांचा. सोडताना दांडा नेमका कुठे पकड घेतो, ते फक्त तळव्याला कळते, डोळ्याला नाही. चप्पल काढली ती त्यासाठी. वाटले होते, उघड्या पायाला थोडे तरी लागेल. मी ज्याला भक्ती समजलो, तो एका निपुण माणसाचा आपल्याच पायाशी चाललेला शेवटचा शोध होता.

"मऊ बोल्ट होता तोवर प्रत्येक वेळी तो सगळ्यांना ओरडून सांगायचा," दादा म्हणाले. "म्हटलं, याला गप्प करू. दोन वर्षं तरी मिळतील." हातातला बोल्ट त्यांनी उलटापालटा केला. "मला ठाऊक होतं रे. हिसका बसतो तो कुठंतरी जातोच."

कार्यवाहांनी दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते, असे दादा नंतर म्हणाले. कार्यवाह घरी आले, चहा घेतला, आणि म्हणाले, "दादा, आपण खूप केलंत. आता विश्रांती घ्या." वाक्य गोड होते आणि त्याने सर्व संपले. ते गेल्यावर वहिनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी म्हणाल्या, "भाऊजी, तो बोल्ट घेताना मी दुकानात बरोबर होते. यांनी सगळ्यांत कडक मागितला. मला वाटलं, मजबूत वस्तू घेतायत, चांगलंच आहे."

चांगलेच वाटले, आम्हा सर्वांनाच. कार्यवाहांना काम निर्वेध झाले म्हणून, वहिनींना वस्तू मजबूत म्हणून, मला ताम्हण रिकामे म्हणून. जो तुकडा त्या पाटावर पूजला जात होता, तोच कुरणावर दादांच्या विरुद्ध साक्षीला उभा केला जात होता, आणि हे दोन्ही एकाच घरातली, एकाच संस्थेतली माणसे करीत होती. मोडण्याचा मान आम्ही लोखंडाला दिला. माणसाला तो देता आला असता, तर 'पाय गेला' हे दादा बसच्या खिडकीबाहेर पाहताना सहज बोलून गेले असते; मीही ऐकले असते, आणि एखादे वर्ष दादा शेजारी उभे राहून दुसऱ्या कुणाला तो पाय सोडायला शिकवते झाले असते. ते शिक्षण आता कुणाकडेच राहिले नाही. मला शब्द येतात. पाय येत नाही.

संस्थेने नवे यंत्र घेतले. ठेक्याने माणूस येतो, कळ दाबतो, पाती आपोआप सावकाश उघडतात. बोल्टच्या जागी त्यात घसरणाऱ्या तबकड्या आहेत, म्हणतात. अडथळा आला की त्या घसरतात, तुटत काहीच नाही. मी एकदा एकटाच जाऊन पाहून आलो. दादांनी विचारले, "हिसका बसतो का?"

"नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही, दादा."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि पेपर पुन्हा उघडला.

यंदाच्या खंडेनवमीला मी पाट मांडला. विळी, कात्री, अडकित्ता, पाने, पक्कड. वहिनींनी सवयीने ताम्हण घासून मधोमध ठेवले, आणि मग आमच्या दोघांच्याही लक्षात आले की त्यात ठेवण्याजोगे काही नाही. वहिनी ते उचलणार, तोच दादा काठी टेकत आले, खुर्चीवर बसले आणि त्यांनी सदऱ्याच्या खिशातून तो कडक बोल्ट काढला. अखंड, चकचकीत. तेलाचा हात फिरवलेला. तो त्यांनी ताम्हणात ठेवला.

माझ्या हातात अक्षता होत्या. मी थांबलो.

"घाल की," दादा म्हणाले.

"यानं तर यंत्र मोडलं, दादा."

"त्याचा काय दोष? त्याला धरून ठेव म्हटलं, त्यानं धरून ठेवलं."

मी अक्षता घातल्या. दादांनी वाकून झेंडूची पाकळी घेतली. ती ठेवायला ताम्हणापर्यंत हात पुरेना, तेव्हा मी ताम्हण उचलून त्यांच्यापुढे धरले. त्याच वेळी खाली गल्लीत कुणीतरी गाडी सुरू केली आणि क्लच एकदम सोडला. गाडीने आचका दिला आणि ती बंद पडली. दादांच्या हातातली पाकळी तशीच राहिली. खुर्चीखाली त्यांचा डावा पाय फरशीवर तळापर्यंत दाबला गेला होता, आणि तो ते आता सोडत होते, कमालीच्या सावकाशीने, झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढावा तसा.